पद्माक्काचा उपास

भाद्रपद आला की माझी जीभ तिखट होते, असं आमच्या घरातले म्हणतात. खोटं नाही ते. श्रावणभर मी बरी असते. सुनांशी हसून बोलते, शेजारणीची गाऱ्हाणी ऐकून घेते. पण दशलक्षणाचे दिवस जवळ आले, बस्तीची, म्हणजे आमच्या देवळाची, झाडलोट सुरू झाली, पाणी गाळून उकळून ठेवायच्या घागरी ओळीनं मांडल्या गेल्या, की माझं कपाळ ठणकू लागतं. दशलक्षण म्हणजे आम्हा जैनांचं दहा दिवसांचं पर्व. दर दिवसाला एक धर्म, आणि सुरुवात होते ती उत्तम क्षमेपासून. माझी अडचण अशी की पहिल्याच दिवशी मला कुणाला क्षमा करवत नाही.

निपाणीपासून दोन कोसांवर, वेदगंगेच्या अंगाला आमचं गाव. या दिवसांत तंबाखूची लावण उरकलेली असते. जिथं रोप मेलं तिथं दुसरं लावत बाया वाकून फिरत असतात. रानातून चिखलाचा कोंदट वास येतो, बस्तीतून गंधाचा. आम्ही पाणी फडक्यातून गाळून पितो, दिवस मावळल्यावर तोंडात घास घालत नाही, मुंगी मरू नये म्हणून खाली बघून चालतो, आणि रानात तंबाखू लावतो. नवी सून असताना हे मी सासऱ्यांना बोलून दाखवलं होतं. ते हसले नाहीत. बेळगावच्या शाळामास्तरांची लेक केल्याचा त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पश्चात्ताप झाला असावा.

मला हसल्या त्या पद्माक्का. माझी थोरली जाऊ. परड्यात जाऊन, तोंडात पदर कोंबून त्या इतक्या हसल्या की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "चंपे, तुज्या जिभंला हाड न्हाय बघ," म्हणाल्या. "पर आप्पांचं त्वांड बघितलंस व्हय?" भाकरी थापायला त्यांनीच मला शिकवलं. माहेरी आम्ही चपात्या खाणारे, माझ्या भाकरीचा नकाशा व्हायचा. तो नकाशा त्या स्वतःच्या पानात घ्यायच्या आणि चांगली भाकरी माझ्या पानात सरकवायच्या. त्यांना खायला आवडायचं. मिरचीचा ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढत त्या म्हणायच्या, "जीव गार झाला गं." अशी बाई मी नंतर पाहिली नाही.

त्यांचं पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं, बेळगावच्या पलीकडे, सांबऱ्याच्या बाजूला. मुलगा झाला. आषाढाच्या अखेरीला त्या परत आल्या तेव्हा मी गाडीपाशी धावत गेले. त्यांनी बाळ माझ्या हातात दिलं, आणि गाडीतलं गाठोडं काढून द्यावं तसं दिलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण त्यांना मी दिसत नव्हते.

पुढच्या दिवसांतली चित्रं माझ्या मनात सुटी सुटी आहेत. अर्धी वेणी घालून सोडून दिलेले केस. मांडीवर सूप, सुपात तांदूळ, आणि दुपार उलटली तरी खडा एकही निवडलेला नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून भिंतीला टेकून बसलेल्या. शेजारी पाळण्यात बाळ रडतंय, दुधानं चोळी भिजलीय, आणि ह्या पाळण्याकडे बघत बसल्यात. मी म्हणायची, "आक्का, बाळ रडतंय." त्या म्हणायच्या, "व्हय, रडतंय." एवढंच. ऐकू येत नव्हतं असं नाही. ऐकून काय करायचं, ते त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. मग मी बाळाला उचलून त्यांच्या पदराखाली धरायची, आणि ते पीत असताना त्या समोरच्या भिंतीचे पोपडे बघत राहायच्या.

घरानं काही केलं नाही असं म्हणणं अन्याय होईल. आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, दृष्ट काढली. क्षेत्रपालाला नारळ झाला. ओवा-शेपाचा काढा झाला, धुरी झाली. कशानंच फरक पडेना तशा त्या चिडल्या. "सोन्यासारखा ल्योक झाला, आनी हिचं त्वांड बगा. कशाची कमी हाय गं तुला?" पद्माक्का खरंच विचार करायच्या आणि म्हणायच्या, "कशाचीच न्हाय." हे उत्तर आत्याबाईंना उर्मटपणाचं वाटायचं. मला त्याची भीती वाटायची.

मग एक दिवस ओसरीवर तो शब्द निघाला. धारवाड. आमच्या भागात 'धारवाडला न्यायचं' म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. तिथं वेड्यांचं इस्पितळ आहे. माझे थोरले दीर खाली मान घालून बसले होते. सासरे म्हणाले, "धारवाडचं नाव निघालं की या घरात पोरगी कोन देनार आनी या घरातली पोरगी कोन करनार?" माझ्या नणंदेचं लग्न ठरायचं होतं. विषय तिथंच मिटला, आणि आतल्या खोलीत बसलेल्या बाईचं काय, ते कुणीच ठरवलं नाही.

अशात भाद्रपद आला. दशलक्षणाच्या पहिल्या दिवशी बहुतेक सगळ्याजणी उपास करतात. पद्माक्कांनीही केला. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढं ताट ठेवलं, त्यांनी ते बाजूला सारलं. आत्याबाई रागावून काही बोलणार, तेवढ्यात शेजारची एक म्हातारी म्हणाली, "अगं, धाई दिस धरनार दिसत्या. पुण्यवान हाय." आत्याबाईंचा उघडलेला ओठ तसाच राहिला. त्यांनी सुनेकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, आणि ताट हळूच उचललं. त्या क्षणी आमच्या घरावरचा भार उतरला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. न खाणं, न बोलणं, मुलात जीव नसणं, सगळ्याला एकदम नाव मिळालं. वैराग्य. काल जी बाई घराची लाज होती ती आज घराचं भूषण झाली. एका बाजूला धारवाड आणि दुसऱ्या बाजूला वैराग्य असलं, तर घरातली माणसं काय निवडतील? मीही सुटल्यासारखा श्वास टाकला होता.

बाया दर्शनाला येऊ लागल्या. आतल्या अंधाऱ्या खोलीतून पद्माक्कांना सोप्यात आणून पाटावर बसवलं. कुणी पाय शिवायचं, कुणी आपलं पोर त्यांच्या पायावर घालायचं. त्या पाय आखडून घ्यायच्या, तर बाया म्हणायच्या, बघा, मोठेपणा नको वाटतो. त्या बोलायच्या नाहीत, तर मौन धरलंय. बाळ रडलं तरी वळायच्या नाहीत, तर मोह सुटलाय. रोज त्यांचे डोळे आत जात होते, आणि येणारी प्रत्येक बाई म्हणत होती की तोंडावर तेज आलंय. सासऱ्यांनी शेवटच्या दिवसाच्या मिरवणुकीसाठी निपाणीच्या वाजंत्र्यांना सुपारी दिली.

पर्व निम्मं सरलं असेल. दुपारी बाया पांगल्यावर मी त्यांना उकळून निववलेलं पाणी देत होते. सहज म्हटलं, "आक्का, पारण्याला काय करू? मुगाची खिचडी करू का पेज?" त्या म्हणाल्या, "पारनं न्हाय करायचं मला." मी म्हटलं, म्हणजे? त्या इतक्या साध्या आवाजात बोलल्या की आजही तो आवाज माझ्या कानांत आहे. "माज्यानं काय होत न्हाय, चंपे. पोराचं होत न्हाय, घराचं होत न्हाय. मी नसलो तर त्याचं बरं हुईल. तू हायस की त्याला. लोकबी बरंच म्हंत्यात."

मी आत्याबाईंकडे गेले, सांगितलं. त्यांनी हात जोडले. "ही तर पार सल्लेखनेपातुर गेली," म्हणाल्या. सल्लेखना म्हणजे अन्न सोडून, शांत मनानं देह ठेवायचं आमच्यातलं सर्वांत कठीण व्रत. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. ते भक्तीचं होतं का भीतीचं, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. एवढं ठरलं की हे व्रत आपल्या मनानं घेता येत नाही, त्यासाठी अम्मांना विचारायला हवं.

त्या चातुर्मासात आमच्या बस्तीत एक क्षुल्लिका, म्हणजे दीक्षा घेतलेल्या साध्वी, उतरल्या होत्या. तेरदाळकडच्या, वयानं पन्नाशीच्या, पांढरं लुगडं, हातात मोरपिसांची पिंछी. सगळे त्यांना अम्मा म्हणायचे. बोलणं निम्मं कानडी. पद्माक्कांना गाडीत घालून नेलं. मागं घर, त्यामागं गाव. अम्मांनी सगळ्यांना बाहेर थांबवलं. पद्माक्कांना एकटीनं उभं राहवत नव्हतं म्हणून आधाराला मला तेवढं आत घेतलं.

"बारव्वा, कुंद्रु," म्हणाल्या. ये बाई, बस. मी वाट बघत होते की आता सूत्रं सांगतील. त्यांनी विचारलं, "झोप येते का?" नाही. "खात होतीस तेव्हा काय आवडत होतं?" पद्माक्कांना आठवेना. मी म्हटलं, ठेचा. "मग तो ठेचा सोडताना कसं वाटलं?" पद्माक्का म्हणाल्या, "काय न्हाय वाटलं. आदीच मातीवानी लागत हुता." अम्मांनी पिंछी खाली ठेवून पद्माक्कांचा हात हातात घेतला. पद्माक्का रडू लागल्या. माहेराहून आल्यापासून, म्हणजे आषाढापासून, त्या पहिल्यांदा रडत होत्या.

अम्मा दारात आल्या. बाहेर हात जोडून उभ्या असलेल्यांना म्हणाल्या, "ज्याला गोड लागतं त्यानं गोड सोडलं तर त्याला त्याग म्हणतात. हिला मीठसुद्धा कळत नाही, ही काय सोडणार? हे धर्मध्यान नव्हे, आर्तध्यान आहे. दुःखात बुडलेल्या जिवाला व्रत देता येत नाही. ही आजारी आहे. आजच्या आज हिला मुगाचं पाणी पाजा." सासरे म्हणाले, "अम्मा, धरलेला उपास मोडायचा? दोष लागंल." अम्मा म्हणाल्या, "दोष माझ्या माथ्यावर घाला. घोटाघोटानं पाजा, एकदम देऊ नका."

मुगाचं पाणी मी पाजलं. बस्तीच्या कट्ट्यावर, सगळ्या गावादेखत. एकेक घोट गिळताना त्यांच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. वर बघितलं तर कट्टा रिकामा झाला होता. सकाळी ज्यांनी पायावर डोकं ठेवलं त्या बाया पाठ करून निघाल्या होत्या. आजारी बाईचं दर्शन कोण घेणार? वाजंत्र्यांना नको म्हणून निरोप गेला. आत्याबाई माझ्याशी आणि पद्माक्कांशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. गावात पद्माक्कांना उपासमोडी असं नाव पडलं ते वेगळंच.

अम्मांनी मला जवळ बोलावून काही गोष्टी सांगितल्या होत्या. तिला एकटी ठेवू नको. अंधाऱ्या खोलीत बसू देऊ नको. 'काय कमी आहे' असं कुणाला विचारू देऊ नको. तापानं फणफणलेल्याला आपण असं विचारतो का? बाळ तुम्ही सांभाळा, तिनं मागितलं की द्या. आणि तिच्या पंक्तीला जेवत जा. हे सगळं करायला सोपं नव्हतं. मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. कितीदा मला त्यांचा राग आला, कितीदा वाटलं की ही बाई मुद्दाम करते. मी त्यांना रानात न्यायची, बांधावर बसवायची, शेंगा फोडायला द्यायची. त्या एक शेंग फोडून तासभर बसायच्या. मी बडबडत राहायची. अम्मा चातुर्मास संपवून निघून गेल्या, तरी पद्माक्का तशाच होत्या.

सुगीच्या दिवसांत एकदा आम्ही जेवत होतो. पद्माक्का घास घेऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "आमटीत मीठ कमी हाय." आमटी आत्याबाईंनी केली होती. सुनेनं सासूच्या आमटीला नाव ठेवायची आमच्या घरात पद्धत नव्हती. आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मीठ आणायला उठल्या. त्या दिवशी मी त्यांच्यावरचा सगळा राग विसरले.

हळूहळू पद्माक्का परतल्या. पूर्वीच्या नव्हेत, पण परतल्या. बाळाचं नाव भूपाल ठेवलं होतं. एकदा त्याला न्हाऊ घालताना त्यांनी मला विचारलं, "चंपे, मी खुळी झालतो व्हय गं?" मी म्हटलं, "आजारी होता तुम्ही." त्या म्हणाल्या, "सोताच्याच घरात परक्यावानी वाटायचं बघ. भूक लागायची, पर ती दुसऱ्या कुनाची तरी हाय असं वाटायचं." मग थोड्या वेळानं, "पाया पडत हुत्या तवा लई भ्या वाटायचं. आता मागं फिरता यायचं न्हाय असं वाटायचं." हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही.

भूपाल चार वर्षांचा असताना त्या पुन्हा बाळंतपणाला माहेरी गेल्या. मी नको म्हणाले होते. इथंच करू, मी आहे, अम्मांनी सांगितलेलं मला माहीत आहे, म्हणाले. पण त्यांच्या आईनं हट्ट धरला, आणि धाकट्या जावेचं कोण ऐकतं? बाळ जन्मतःच गेलं. त्यानंतर तिकडून निरोप आले ते सगळे चांगले. पोरगी धर्माला लागलीय. पोरीनं उपास धरलाय. मी दिरांच्या मागं लागले, गाडी जुंपा म्हणून. आत्याबाईही निघाल्या. आम्ही पोचलो तेव्हा वेशीपासूनच वाजंत्री ऐकू येत होती.

पद्माक्कांचा देह बसता ठेवून, फुलांनी सजवून मिरवत नेत होते. लोक नारळ घेऊन धावत होते. पद्माक्कांची आई आत्याबाईंच्या गळ्यात पडून म्हणाली, "तुमच्या घरचं नाव काढलं बगा लेकीनं." आत्याबाई खांबासारख्या उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग पुढं होऊन सुनेच्या पायावर डोकं ठेवलं. पुढं दहनाच्या जागी एक दगड बसवला, त्यावर पावलं कोरली. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून बाया तिथं नवस बोलतात. मी तिकडं परत गेले नाही.

घरी आल्यावर मी आत्याबाईंशी भांडले. ती आजारी होती, अम्मांनी आपल्यासमोर सांगितलं होतं, म्हणाले. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "ठावं हाय मला. पर पोराला येडीचा ल्योक म्हनून वाडवू का साध्वीचा ल्योक म्हनून? तूच सांग." भूपाल साध्वीचा लेक म्हणून वाढला. मी त्याला वाढवला. आत्याबाई गेल्या, सासरे गेले, थोरले दीर गेले. भूपाल दर वर्षी त्या दगडाला हार घालून येतो.

यंदाचा भाद्रपद तसा गजबजलेला आहे. गेल्या महिन्यात स्वराज्य आलं. चावडीवर लावलेल्या पताका पावसानं भिजून लोंबतायत. भूपालला मुलगी झाली. त्याची बायको राजमती, लाजाळू पोर, महिन्याभरापूर्वी माहेराहून आली. तिच्याकडे मी डोळे लावून बसले होते. तिच्यापाशी बसत होते, पण तिची आई पाठराखीण म्हणून आलेली. ती म्हणायची, पोरगी दमलीय, होईल बरी. आज सकाळी भूपाल बस्तीतून आला. कपाळावर गंधोदक, हातात फुलं. माझ्याशेजारी टेकला आणि म्हणाला, "काकी, राजमतीनं कालपास्नं अन्नाला हात लावला न्हाय. धाई दिस धरनार म्हंत्या. आईच्या वळनावर गेली बघ." तो हसत होता. पण ते हसू त्याच्या तोंडावर नीट बसत नव्हतं.

मी हातातलं काम ठेवलं. त्याला म्हटलं, "भूपाल, तुझ्या आईला वैराग्य आलं नव्हतं. ती आजारी होती. बाळंतपणानंतर काही बायकांचं मन आजारी पडतं. खाणं नको वाटतं, मूल नको वाटतं, जगणं नको वाटतं. पहिल्या खेपेला आम्ही ओळखलं, ती वाचली. दुसऱ्या खेपेला कुणी ओळखलं नाही." मग जे वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. अम्मा, मुगाचं पाणी, आमटीचं मीठ. मला वाटलं, तो चिडेल. आईच्या दगडाला हार घालणारा माणूस; त्याचा देवच मी काढून घेत होते.

तो चिडला नाही. हातातली फुलं त्यानं खाली ठेवली. चोवीस वर्षांचा बाप्या, मिशा आलेला, वखारीत हमालांवर ओरडणारा, आणि आवाज मात्र चार वर्षांच्या पोराचा निघाला.

"म्हंजे काकी, मी आवडत नव्हतो म्हनून गेली न्हाय ती?"

"नाही रे."

"मला वाटायचं, तिला देव जास्ती आवडला. सगळी पाया पडायची तिच्या, मीबी पडायचो. पर दर वर्साला वाटायचं, मला ठेवून कशी गेली."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आत राजमतीची मुलगी रडायला लागली, आणि रडतच राहिली. भूपाल उठला. दाराशी थांबून म्हणाला, "मी काय बोलू तिच्याशी?"

"काही बोलू नको. मुलीला आधी उचल, आणि राजमतीजवळ बस. मी मूग शिजत घालते."